आजी, तू मला विचारायला हवं होतंस

आजी, तू जातानाही मला कळवलं नाहीस. ठाण्याला निरोप आला तो उजाडल्यावर. मी थोरलीला शेजारी ठेवली, धाकट्याला कडेवर घेतलं आणि मिळेल त्या आगगाडीनं निघाले. तरी कल्याणला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. आई सांगत होती, आदल्या दुपारी तू पोटभर जेवलीस, "यमूला उगाच बोलावू नका, तिच्या धाकट्याला दात येताहेत," असं बजावलंस, आणि पहाटे गेलीस. त्याला दात येऊन महिना झाला होता. ते मी पत्रातून कळवलं होतं आणि विष्णूनं ते पत्र तुला दोनदा वाचून दाखवलं होतं. पण कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची तुला सवयच नव्हती.

तेरावं परवा झालं. पाहुणे गेले. काल दुपारी अप्पांनी मला एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला तुझ्याशी भांडायचं आहे. घरात आई आहे, विष्णू आहे, सासरहून आलेली ठकी आहे, पण हे भांडण त्यांच्याशी करून उपयोग नाही. म्हणून विष्णूची दौत-लेखणी घेऊन माजघरात बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. तोंडी बोलले असते तर तू मधेच दुसरं काहीतरी काढलं असतंस.

पहिल्यापासून सांगते, कारण यातल्या निम्म्या गोष्टी तुला नेहमी वेगळ्याच आठवायच्या.

मी नऊ वर्षांची होते, विष्णू सात आणि ठकी चार. आजोबा गेल्यावर अप्पांनी तुला कोकणातून कल्याणला आणलं, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. डोक्यावरून घेतलेलं लाल आलवण, हातात तांब्या, पाय अनवाणी. अशा बाईनं देवळात जावं, पोथी ऐकावी, वाती वळाव्यात, असं सगळ्यांना वाटायचं. देवळात तू जायचीस. फक्त तिथे थांबायची नाहीस. आमची शाळा चारला सुटायची आणि अप्पा कचेरीतून दिवेलागणीला घरी यायचे. मधले दोन तास तुझे होते. "सूनबाई, तळ्यावरच्या देवळात जाऊन येते गो. पोरांनाही दर्शन होईल," असं तू म्हणायचीस. आई ठकीचं तोंड धुऊन द्यायची आणि मला दारात गाठून हळूच सांगायची, "यमू, आजीवर लक्ष ठेव हो."

बाकीच्या मुलींवर त्यांच्या आज्या लक्ष ठेवायच्या. माझ्या वाट्याला हे उलटं काम आलं होतं.

देवापुढे तू जेमतेम हात जोडायचीस. मग मला आत पाठवायचीस, तुळशीचं पान आणि अंगारा आणायला. घरी दाखवायला काहीतरी हवं ना. अंगाऱ्याची पुडी माझ्या परकराच्या नाडीला खोचली की आपण चौघं मागच्या वाटेनं बाहेर पडायचो. शाळेत तेव्हा आम्हाला खरं बोलण्यावर धडा होता. तो मी न चुकता म्हणून दाखवला आणि मास्तरांनी शाबासकी दिली. त्याच संध्याकाळी ती पुडी मी आईच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "आज देवळात फार गर्दी होती." आपण त्या दिवशी कुंभारवाड्यात होतो. तुला हसू आवरत नव्हतं. मला रात्री जेवण गेलं नाही.

बंदरावर तुला काठाला लागलेल्या प्रत्येक पडावात काय भरलं आहे ते पाहायचं असे. भाताची पोती उतरवणाऱ्या गड्यांना तू त्यांची गावं विचारायचीस, मुलं किती ते विचारायचीस, बायको भांडते का तेही विचारायचीस. मी आलवणाचा पदर ओढत राहायची. आगगाडीच्या ठेसनावर तर माझी मान वर होत नसे. इंजिनाला मोठ्या नळानं पाणी पाजायचे, तिथे जाऊन त्या गड्याला तू विचारलंस, "पाणी गार पाजतोस की ऊन रे?"

तो हसला. "गारच पाजतो, आजी. ऊन ते सोताच करतंय."

ते उत्तर तुला इतकं आवडलं की घरी आल्यावर तू ते आईला सांगायला निघालीस. मी तुझ्या पायावर पाय दिला म्हणून निभावलं.

शिवाय तू मुलांना भलतंसलतं शिकवायचीस. कल्याणला रूळ दोन वाटांना फुटतात. विष्णूला तू सांगितलंस की डावा रूळ काशीला जातो आणि उजवा कोकणात. मी म्हटलं, "कोकणात नाही जात, पुण्याला जातो. मास्तरांनी नकाशावर दाखवलं."

"मास्तर कोकणात गेले होते का?"

"नाही."

"मी तिथून आले आहे. मला विचार."

तू गलबतातून आली होतीस. हे मी सांगितल्यावर तू ठकीला चिंच द्यायला वळलीस. ठकीला चिंचेनं खोकला होतो, हेही मी शंभरदा सांगितलं होतं.

परतताना तू आलवणासकट तळ्यात बुडी मारायचीस, कारण तेवढ्या वेळात तुला कुणाकुणाचा विटाळ झालेला असायचा. ओलेती घरी यायचीस आणि आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, आमच्या सासूबाईंचं सोवळं फार कडक. मी चुलीपाशी तोंड लपवून बसायची.

हे सगळं मला मुळीच आवडत नव्हतं असं मी म्हटलं तर तेही खोटं होईल. एकदा कुंभारानं मला चाक फिरवू दिलं होतं. माझं मडकं वाकडं झालं आणि तू म्हणालीस, "असू दे गो, वाकड्या मडक्यातही पाणी राहतं." ते फुटून कितीतरी वर्षं झाली. पण त्या ओल्या मातीचा गारवा अजून माझ्या तळव्यांना आठवतो. तुला तेव्हा हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू रोजच कुंभारवाड्यात नेलं असतंस.

मग ते कोपरचं झालं.

फाल्गुन होता. होळीला आठेक दिवस होते. धोंडू तांडेलाशी तुझी बंदरावर ओळख झाली होती. कोपरच्या मिठागरातलं मीठ तो आपल्या पडावातून कल्याणला आणायचा. बोलता बोलता तो म्हणाला की यंदा मीठ चांगलं उगवलंय, आणि तू तो शब्द धरून बसलीस. मीठ उगवतं म्हणजे काय, भातासारखं उगवतं का? आठवडाभर तेच. मी म्हटलं, पुस्तकात दिलं आहे, खाऱ्या पाण्याला ऊन लागलं की मीठ होतं.

"पुस्तकात चाखायला मिळतं का?"

"नाही."

"मग चल."

रविवारी शाळा नाही म्हणून तू रविवार निवडलास. रविवारी कचेरीही बंद असते आणि अप्पा घरी असतात, एवढं तुझ्या लक्षात आलं नाही. तांडेलानं सांगितलं होतं, ओहोटीबरोबर जायचं आणि भरतीबरोबर दुपारी परत यायचं. तू "दुपारी परत" एवढंच ऐकलंस. भरतीचं पाणी चढायला तिसरा प्रहर होतो, हे पुढचं तो सांगत होता तेव्हा तू त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची चौकशी करत होतीस. आईला सांगितलंस की देवळात प्रवचन आहे, जेवायला थोडा उशीर होईल. आणि आपण पडावात चढलो.

ती सकाळ मला आवडली, हे कबूल करते. वारा गार होता. दुर्गाडीचा बुरूज मागे मागे जात लहान झाला. विष्णूनं पाण्यात हात सोडला होता. ठकी काठावरचे बगळे मोजत होती आणि सातानंतर पुन्हा एकापासून सुरुवात करत होती. तू सगळ्यांत पुढे बसली होतीस. डोक्यावरचं आलवण वाऱ्यानं खांद्यावर उतरलं होतं आणि तू ते सावरलं नाहीस. तुझं डोकं मी उजेडात पहिल्यांदाच पाहिलं. त्यावर पांढरे खुंट आले होते. मला वाटलं, आता तू पदर वर घेशील. तू घेतला नाहीस.

कोपरला मिठागरात बायका लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढून ढीग लावत होत्या. उन्हानं ते इतकं चमकत होतं की डोळे उघडे ठेववत नव्हते. तू बांधावर बसलीस, बोट बुडवून चाखलंस आणि म्हणालीस, "खरंच की गो." मग तिथल्या एका बाईकडून, तिचं नाव बारकूबाय, तू ती फळी मागून घेतलीस आणि आलवण खोचून मीठ ओढायला लागलीस. बायका हसायला लागल्या. बारकूबाय तुला फळी तिरकी कशी धरायची ते दाखवत होती. कुणी कल्याणचं पाहील म्हणून मी चारी बाजूंना बघत होते. मी तुझ्यावर लक्ष ठेवत होते, म्हणून विष्णूवर राहिलं नाही.

तो निवट्यांच्या मागे गेला होता. चिखलात उड्या मारणारे ते मासे त्यानं कधी पाहिले नव्हते. हाक ऐकून मी वळले तेव्हा खाडीच्या चिखलात तो कमरेपर्यंत गेला होता. जितका हलत होता तितका खाली जात होता. मी धावले. बारकूबायनं मला दंडाला धरून मागे ओढलं.

"तू नको जाव, बाय. दोगांना बाहेर काराय लागंल."

मग तिनं बांधावरची एक फळकूट चिखलावर टाकलं, त्यावर पालथी पडून पुढे सरकली आणि विष्णूच्या काखेत हात घातले. तू काठावर उभी होतीस. तुला गप्प झालेली मी तोवर पाहिली नव्हती आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. तो बाहेर आला तेव्हा छातीपर्यंत काळा होता आणि एका मुठीत त्यानं निवटा घट्ट धरलेला होता.

पडावापाशी आलो तर तो चिखलात कलंडून पडलेला. तांडेल सावलीत झोपला होता. "भरती आल्याबिगर पडाव हालत नाय, आजी. दिस कलल्यावर निंगू." तू त्याच्याशी भांडलीस, जसं काही खाडी त्यानंच आटवली होती.

ऊन चढलं. तांब्यातलं पाणी विष्णूचे डोळे आणि तोंड धुण्यात संपलं होतं. चहूकडे पाणी आणि सगळं खारट. ठकी आधी रडली, मग रडायची थांबली आणि तुझ्या मांडीवर मान टाकून पडून राहिली. ओठ पांढरे पडले होते. बारकूबाय गावातून डोक्यावर मडकं घेऊन आली आणि चार हात अंतरावर थांबली.

"आमचे हातचा पानी तुमाना चालंल का, आजी? पोरीची जीभ सुकलीय."

मी म्हटलं, "आजी, नको. अप्पा काय म्हणतील." मी नऊ वर्षांची होते आणि मला जे शिकवलं होतं ते मला येत होतं.

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तांब्या पुढे केलास आणि म्हणालीस, "ओत, बाय." ठकीला पाजलंस. विष्णूला पाजलंस. मग तांब्या माझ्यापुढे धरलास.

"पी."

"मी नाही."

"यमू, पी. पाप लागलं तर मला लागेल. मी तसं देवाला सांगेन."

मी प्यायले. सगळ्यांच्या शेवटी तू प्यायलीस. पुरा तांब्या, एका दमात.

बारकूबायच्या दिरानं आपल्याला पेंढ्याच्या गाडीतून डोंबिवलीच्या शेतांमधून कल्याणला आणून सोडलं. गाडीत तू आम्हाला पढवलंस. प्रवचन लांबलं, ठकीला झोप लागली, म्हणून बसून राहिलो. विष्णूच्या छातीपर्यंत खाडीचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि अप्पा त्या प्रवचनावर विश्वास ठेवतील असं तुला मनापासून वाटत होतं.

दिवेलागण झाली होती. अप्पा तीनदा देवळात जाऊन आले होते आणि दोन माणसं तळ्याच्या कडेनं फिरत होती. ती कशासाठी फिरत होती ते मला खूप नंतर कळलं. तू ओसरीवर चढलीस आणि प्रवचनाचं सांगितलंस. अप्पांनी ऐकून घेतलं. मग ते माझ्याकडे वळले.

"यमू, तू सांग."

मी सांगितलं. पडाव, मिठागर, चिखल, सगळं. आणि पाण्याचंही सांगितलं. पाण्याचं कुणी विचारलं नव्हतं. एवढं गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि ते खोटंही झालं नसतं. पण माझ्या तोंडाला एकदा खरं लागलं ते थांबेना. आईनं कपाळाला हात लावला. मग तिनं आम्हा तिघांना न्हाणीत नेलं.

दुसऱ्या दिवशी भटजी आले. आपल्या सगळ्यांना पंचगव्य घ्यावं लागलं. ठकीनं ते थुंकून टाकलं म्हणून तिला दोनदा. आणि चार वाजता मी शाळेतून आले तेव्हा तू मागच्या पडवीत वाती वळत बसली होतीस. मी दप्तर ठेवलं आणि वाट पाहत उभी राहिले. तू मान वर केली नाहीस.

त्यानंतर तू उंबरठ्याबाहेर गेली नाहीस. देवळातसुद्धा नाही.

मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस. आठ दिवसांनी मी म्हटलं, "आजी, तळ्यावर चल." तू म्हणालीस, "नको गो, पाय दुखतात." तुझे पाय दुखत नव्हते. विहिरीवरून पाणी ओढून तू न्हाणीपर्यंत ताडताड यायचीस, मी पाहत होते. म्हणजे मी खरं बोलले आणि तू खोटं बोलत राहिलीस, आणि तरी गुन्हेगार मीच. याचा मला इतका संताप यायचा की मी पडवीत यायचंच टाळायला लागले. तर तू मला हाक मारायचीस. "आज काय शिकलीस ते म्हणून दाखव." मी धडा वाचायला लागले की तू दर दोन ओळींनी मला अडवायचीस. हा राजा कुठला, त्याची आई कुठे गेली, तिच्याविषयी का लिहिलं नाही? मी म्हणायची, "आजी, तेवढंच दिलं आहे." तू म्हणायचीस, "मग लिहिणारानं आळस केला." एकही धडा तू मला सरळ पुरा करू दिला नाहीस. पण चुकवूही दिला नाहीस. अंगात ताप असला तरी तुला तो ऐकायचा असे.

अकराव्या वर्षी माझं लग्न झालं. मग दर खेपेला माहेरी आले की आपला तोच वाद. मी म्हणायची, त्या दिवशी मी खरं सांगितलं यात माझं काय चुकलं? तू म्हणायचीस, "चुकलं असं कुणी म्हटलं? खरं बोलायला वेळ बघावी लागते, एवढंच." मी म्हणायची, म्हणजे चुकलंच म्हणतेस. तू वातींचा कापूस चाचपायचीस आणि विचारायचीस, ठाण्याच्या तळ्यात कमळं आहेत का, तुमच्याकडे खाडी किती लांब, भरती कितीला येते. मी म्हणायची, विषय बदलू नकोस. तू म्हणायचीस, "विषय हाच आहे गो. मला खाडीचं सांग." मी चिडून उठून जायची. खाडीचं मी तुला कधी धड सांगितलं नाही. ठाण्याच्या आमच्या घराच्या माडीवरून ती दिसते. भरतीच्या वेळी सूर्य कलला की पाण्यावरून उजेड आत येतो आणि छपराच्या वाशांवर हलत राहतो. मला हे सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं.

आता कालचं.

अप्पा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि सहज बोलले, "आजीनं शेवटपर्यंत माझ्यावरचा राग सोडला नाही." अप्पांचा अडकित्ता थांबला.

"कसला राग?"

मी सांगितलं. कोपरचं, आणि तू पडवीत बसलीस ते. अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "आता ती गेली. आता सांगायला हरकत नाही."

त्या संध्याकाळी आईनं आम्हा तिघांना न्हाणीत नेलं होतं. अप्पांनी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. मुलगी बंदरावर हिंडते, पडावात बसते, कुणाच्याही हातचं पाणी पिते, उद्या हिच्याशी सोयरीक कोण करेल. मुलीला शाळेत घातलं म्हणून आधीच लोक बोलत होते. ते अप्पांनी तुला ऐकवलं. आणि तू त्यांच्यासमोर खाली बसलीस. अप्पा म्हणाले, ती माझ्यासमोर अशी कधी बसली नव्हती.

तू म्हणालीस, "बाहेरची चटक मला आहे, तिला नाही. मी तिला ओढत नेते. तळ्याच्या पुढं यायला तिला कधी आवडलं आहे का, विचार तिला. शिक्षा द्यायची तर मला दे."

अप्पा म्हणाले, "तुला काय शिक्षा देऊ?"

"माझं पाऊल घराबाहेर पडणार नाही. तिची शाळा चालू ठेव."

"देवळात जात जा. त्याला कोण नको म्हणतं?"

"नको. देवळापर्यंत गेले की मला पुढचं बंदर दिसतं."

अप्पांनी कबूल केलं. आणि विचारलं की यमूला हे सांगायचं का. तू म्हणालीस, "तिला मुळीच सांगू नको. सांगितलंस तर ती शाळेत पाऊल टाकायची नाही. फार खरी पोर आहे. माझ्या जिवावर शिकायची नाही ती."

माझ्या लग्नानंतर अप्पा स्वतः तुझ्याकडे आले होते. म्हणाले, यमू सासरी गेली, आता तू मोकळी आहेस, जा तळ्यावर. तू म्हणालीस, "ठकीची शाळा व्हायची आहे अजून." मग ठकी शिकली. तिचंही लग्न झालं. तोवर तुझे पाय खरोखरच दुखायला लागले होते.

मी अप्पांना विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही तिला तसं बसू दिलंत?" ते म्हणाले, "शब्द तिनं दिला होता. मोडायचा तर तिनंच मोडायला हवा होता." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. खांडं आधीच बारीक झाली होती, तरी कातरत राहिले. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. म्हणून सगळा राग तुझ्या वाट्याला आला आहे.

तू मला विचारायला हवं होतंस, आजी. मी शाळा सोडली असती, हे तुझं बरोबर आहे. त्याच दिवशी सोडली असती आणि तुझा हात धरून तुला तळ्यावर नेलं असतं, आणि मग आज हे लिहायला मला अक्षर आलं नसतं. तेही बरोबर आहे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तू आयुष्यभर भलतंसलतं बोललीस, रुळांचं चुकीचं सांगितलंस, ओहोटीचं अर्धवट ऐकलंस, चार वर्षांच्या पोरीला चिंचा चारल्यास. आणि एका गोष्टीत नेमकी बरोबर निघालीस, तीही मला न सांगता. चौदा वर्षं मी तुझ्याशी चुकीच्या गोष्टीवरून भांडत होते आणि तू मला भांडू दिलंस.

उद्या मी ठाण्याला परत जाईन. थोरली सहा वर्षांची झाली. तिला शाळेत घालण्यावरून आमच्या घरी बोलणं चाललं आहे. सासूबाईंचं मन होत नाही आणि मी आजवर दबून बोलत होते. आता दबून बोलणार नाही. त्यात तुझं नाव घेईन की नाही, अजून ठरवलेलं नाही. घेतलं तर सगळं खरं सांगावं लागेल, पाण्यासकट.

पण माझं मुख्य भांडण ते नाही. दर खेपेला माहेरी आले की मी तुझ्या पाया पडायची. रीत म्हणून, घाईघाईनं, मनात राग ठेवून. तू डोक्यावर हात ठेवायचीस आणि भरती कितीला येते ते विचारायचीस. एकदा तरी मला सांगायचं होतंस. एकदा तरी मी कशासाठी वाकते आहे, ते कळून वाकले असते.